फांदी खोचली आणि जास्वंद झाली!

जास्वंदीची फांदी कापून मातीत खोचली की तिची नवी जास्वंद होते. हे वाचून ‘मग त्यात काय विशेष?’ असं ज्यांना वाटलं, त्या सगळ्यांवर माझा राग आहे. तुम्हाला हे लहानपणापासून ठाऊक होतं आणि तुम्ही कुणी बोलला नाहीत! मी फ्लॅटमध्ये वाढलेली. झाड म्हणजे नर्सरीत काळ्या पिशवीत उभं असतं, आपण पैसे द्यायचे आणि रिक्षात पायाशी धरून घरी आणायचं, एवढंच मला माहीत.

आता साताऱ्यात भाड्याने घेतलेल्या घराला कंपाउंडच्या भिंतीलगत मातीची पट्टी आहे. वीस फूट लांब, तीन फूट रुंद, आणि उन्हाळ्यात अगदी उघडीबोडकी. मी कागदावर हिशेब मांडला. फुटाफुटावर एक म्हटलं तर साठ रोपं. सरासरी ८० रुपयांना एक धरलं तरी ४,८०० रुपये, वर शेणखत वेगळं. बागेसाठी महिन्याला काढता येत होते ३०० रुपये. तो कागद शेजारच्या काकूंना दाखवला, तर त्या हसायलाच लागल्या. “अगं, साठ रोपं विकत कोण आणतं? मृग लागू दे, मी फांद्या देते.”

मृग लागला, दोन सरी झाल्या आणि काकू कात्री घेऊन आल्या. पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची फांदी. पेराच्या जरा खाली तिरपा काप. खालची पानं काढून टाकायची, शेंड्याची दोन ठेवायची, निम्मी फांदी मातीत आणि जागा सावलीतली. झालं! इतकंच! तीनचार आठवड्यांत बुडाशी मुळ्या.

मग मी यामागचं कारण वाचायला बसले आणि आणखीच वेडी झाले. फांदीच्या शेंड्याकडे ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार होतं आणि ते खाली खाली सरकत असतं. फांदी कापली की त्याची वाट कापाशीच संपते, तिथे ते साठतं आणि नेमक्या त्याच जागी मुळ्या फुटतात. पाऊस का हवा, तर हवा दमट असली की पानांतून पाणी कमी उडतं, त्यामुळे मुळ्या नसलेली फांदी तेवढे दिवस तग धरते. पानं कमी करायची तीही याचसाठी. काकूंना ऑक्सिनचं नावही माहीत नाही, पण त्यांची कात्री बरोबर पेराखालीच चालते.

त्यानंतर मला गल्लीतलं प्रत्येक कंपाउंड वेगळंच दिसायला लागलं. तगर? फांदीवर येते! क्रोटन, कोलियस? फांदीवर! ऑफिस टाइमचा तर बोटभर तुकडा मातीवर टेकवला तरी पुरतो. ओव्याच्या पानांचंही तेच. कर्दळीचा गड्डा कुदळीने फोडायचा. प्रत्येक तुकड्याला एक डोळा राहिला की झाली नवी कर्दळ. गवती चहाचं बेट उपटून चार जणांत वाटायचं. पावसाळी लिलीचे कांदे जमिनीखाली गुपचूप वाढतच असतात. शेवंतीचा बहर ओसरला की बुडातून काश्या येतात, त्या सोडवून लावायच्या. मनी प्लांट चोरून आणावा म्हणतात, म्हणून मी काकूंना तसं विचारलंही. “मागितलं की लोक पिशवी भरून देतात गं. चोरायचं कशाला?” आणि खरंच देतात! ज्यांच्याशी कधी बोलणं नव्हतं, त्या घरांतून मला वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या फांद्या मिळाल्या, सोबत चहा आणि ‘याला पाणी जास्त घालू नका’ असा दम.

आणि बिया! बियांना तर पैसेच पडत नाहीत! दसऱ्याच्या तोरणातली चांगली जून झालेली झेंडूची फुलं वाळवायची, पाकळ्यांखालच्या काळ्या काड्या पेरायच्या. आठवड्याच्या आत कोंब वर. संकरित वाण असेल तर पोरं आईसारखी निघतीलच असं नाही, पण मला तर त्यातच मजा येते, कारण कोणतं फूल येणार हे उमलेपर्यंत कळत नाही. तेरड्याची पिकलेली बोंडं हात लागताच फुटून बिया उडवतात. गौरीच्या दिवसांत एक तेरडा आणला, तर पुढच्या पावसाळ्याची सोय तो स्वतःच करून ठेवतो. अबोलीची वाळलेली बोंडं ओलावा लागला की तडकतात. पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा वाटलं, पाल असेल! सदाफुली फरशीच्या फटीतसुद्धा उगवते. ती मूळची मादागास्करची आणि तिच्यापासून मिळणारी विनक्रिस्टिन, विनब्लास्टिन ही औषधं कर्करोगावर दिली जातात, हे कळल्यापासून मी तिच्याशी जरा अदबीने वागते.

नुसतं खोचत सुटलं तर पट्टीची झुडपाट होईल, म्हणून काकूंनी एक क्रम लावून दिला. भिंतीलगत उंच होणारी आणि सावकाश वाढणारी मंडळी: जास्वंद, तगर. त्यांच्यात तीन तीन फूट अंतर, कारण आज ती काडी दिसली तरी दोन वर्षांत ती जागा तिला लागणार. पुढे कर्दळ, शेवंती, अबोली. अगदी कडेला लिली आणि ऑफिस टाइम. उरलेल्या मोकळ्या जागेत हंगामी फुलं: पावसाळ्यात तेरडा, दसरादिवाळीला झेंडू, मग कॉसमॉस. हंगामी फुलं पहिलं वर्ष साजरं करतात. तोवर मागची झुडपं अंग धरतात, आणि ती वाढली की हंगामी फुलांसाठी जागाच उरत नाही. म्हणजे पट्टी एका दिवसात भरायची गरजच नाही! सावकाश भरली तर ती जास्त चांगली भरते. रिकाम्या खिशाचा हा फायदा मला कुणी आधी सांगितलाच नव्हता.

मग ३०० रुपयांचं करायचं काय? जे आपणहून वाढतं, त्याचं एकच रोप घ्यायचं आणि पुढच्या पावसात त्याच्या फांद्या काढायच्या. पैसे राखून ठेवायचे ते कलमी गुलाबासाठी. त्याचं खालचं मूळ एका जातीचं आणि वरचा फुटवा दुसऱ्या जातीचा असतो, तो घरी जमवायला हात बसावा लागतो. बाकीचे पैसे शेणखताला. आणि मातीला आणखी एक फुकटचं खाणं आहे: पालापाचोळा. श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराने पालापाचोळ्यातून सुपीक माती करायचा ध्यास किती तरी घरांच्या गच्च्यांवर पोहोचवला. मी त्यांचं ‘विपुलाच सृष्टी’ वाचायला घेतलंय आणि रस्त्यावर झाडून काढलेली पानं पेटलेली दिसली की जीव वरखाली होतो. सकाळी झाडणाऱ्या मावशींना मी दोन रिकामी पोती देऊन ठेवली आहेत. त्यांनी आधी माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं, आता भरून आणतात.

पट्टी अजून भरलेली नाही. डाव्या कोपऱ्यात उघडी माती आहे आणि ती मी मुद्दाम राखून ठेवली आहे, गुलबक्षीसाठी. लाल गुलबक्षी काकूंनी दिली; तिचं काळं, सुरकुतलेलं बी पेरलं की उगवतंच, आणि खाली कंद धरतो म्हणून वाळल्यावरही ती पुन्हा फुटते. पण कार्ल कोरेन्स नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने याच गुलबक्षीवर प्रयोग केले होते, हे मी परवा वाचलं! लाल आणि पांढऱ्या गुलबक्षीचा संकर केला की पुढच्या पिढीला गुलाबी फुलं येतात. माझ्या भाड्याच्या घराच्या कंपाउंडलगत, संध्याकाळी फुलं उमलतात तेव्हा, रंगकामाच्या कुंचल्याने, मीसुद्धा हे करून बघू शकते!

तेव्हा पांढऱ्या गुलबक्षीचं बी कुणाकडे असेल तर कळवा. फुकट नको. बदल्यात जास्वंदीच्या फांद्या देईन, कर्दळीचे गड्डे देईन आणि पेराखाली तिरपा काप कसा घ्यायचा तेही दाखवेन, नको म्हणालात तरी.