कार्ड कुठलं आहे?

हडपसरच्या ज्या साडीच्या दुकानात मी कामाला होते, तिथं शेठ धरून आम्ही सात माणसं. दहा असतो तर मला सव्वीस आठवड्यांची पगारी रजा मिळाली असती. हे मला कळलं नणंदेकडून. ती चाकणला एका कारखान्यात कायम नोकरीला आहे. तिच्या बाळंतपणात पगार दर महिन्याला खात्यावर येत राहिला आणि ती परत गेली तेव्हा तिची जागा तिचीच होती. मला सातव्या महिन्यात शेठ म्हणाले, "बाळंत होऊन ये, तेव्हा जागा असली तर बघू." त्यांच्यावर माझा राग नाही. प्रसूती रजेचा कायदा दहा किंवा जास्त माणसं असलेल्या दुकानाला लागतो, त्यांना तो लागत नव्हता. पण दिवसभर उभं राहून साड्यांचे गठ्ठे उचलणारीचे पाय नणंदेपेक्षा कमी सुजत नाहीत, एवढं मात्र खरं.

तर माझ्यासारखीसाठी काय, तर प्रधानमंत्री मातृ वंदना योजना. पहिल्या बाळासाठी पाच हजार रुपये. अन्नसुरक्षा कायदा झाला २०१३ साली, त्यात गरोदर बाईला कमीत कमी सहा हजार द्यावेत असं लिहिलंय. योजना सुरू झाली २०१७ साली आणि मिळायला लागले पाच. वरचे हजार जननी सुरक्षा योजनेतून येतात असं धरलं जातं. आपल्या राज्यात ते पैसे फक्त दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातींच्या बायकांना मिळतात, खेड्यात प्रसूती झाली तर सातशे रुपये. मी दोन्हीत बसत नव्हते. कायद्यातले ते हजार माझ्यापर्यंत यायला वाटच नव्हती.

पाच हजारांची वाट तरी सरळ असेल असं वाटलं होतं. पण माझे पत्ते तीन. नवरा फरशी बसवायचं काम करतो, म्हणून राहायला हडपसरला भाड्याची खोली. सासर माण तालुक्यात, रेशनकार्ड तिथलं. आणि पहिलं बाळंतपण माहेरी, वाई तालुक्यात. पुण्यात महापालिकेच्या दवाखान्यात तिसऱ्या महिन्यात नाव नोंदवलं होतं, तपासण्या झाल्या होत्या, माता-बाल कार्ड हातात होतं. दवाखान्यातलं योजनेला तेवढंच लागतं: शेवटच्या पाळीपासून सहा महिन्यांच्या आत नोंदणी आणि निदान एक तपासणी. ती झाली की तीन हजार, बाळाची जन्मनोंद आणि साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी झाल्या की दोन हजार. पूर्वी पहिल्या बाळाचे पैसे तीन हप्त्यांत यायचे, २०२२ पासून ते दोनच झाले.

माहेरी आल्यावर फॉर्म भरायला आशाताई घरी आल्या. त्यांनी मला शाळेत जाताना बघितलेलं, त्यामुळं पहिला चहा आईनं न विचारताच ठेवला. त्यांनी कार्ड बघितलं, आधार बघितलं आणि पेन खाली ठेवलं.

"हितं आडनाव सासरचं आणि आधारवर माहेरचं. आता मी लिहू कुठलं गं?"

पुण्यातल्या सिस्टरनी नवऱ्याचं नाव विचारून त्यावरून माझं नाव लिहिलं होतं, जसं सगळीकडे लिहितात. आधार मात्र लग्नाआधीचं. आमच्याकडे लग्न झालं की बाईचं मधलं नाव आणि आडनाव बोलण्यात त्याच दिवशी बदलतं, कागदावर बदलायला वर्षं जातात. शेवटी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी कार्डावर आधारप्रमाणे नाव घातलं आणि सही-शिक्का दिला. नवऱ्याचं आधार मागायची पूर्वी सक्ती होती, ती आता नाही, हे आशाताईंनी स्वतःहून सांगितलं. एरवी तो कागद पुण्याहून मागवण्यात अजून एक आठवडा गेला असता.

मग खरा प्रश्न आला. "कार्ड कुठलं हाय?"

योजना सरसकट सगळ्यांना नाही. एक यादी आहे, त्यातल्या एका तरी गोष्टीचा पुरावा लागतो: अनुसूचित जाती-जमातीचा दाखला, चाळीस टक्के किंवा जास्त अपंगत्व, दारिद्र्यरेषेचं किंवा अन्नसुरक्षेतलं रेशनकार्ड, आयुष्मान कार्ड, रोजगार हमीचं जॉबकार्ड, किसान सन्मान निधी घेणारी शेतकरी बाई, ई-श्रम कार्ड, नाहीतर घरचं वर्षाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असल्याचा दाखला. याच यादीत गरोदर अंगणवाडी सेविका, मदतनीस आणि आशा यांचंही नाव आहे. म्हणजे जी फॉर्म भरून घेते तिची कमाई किती, हे सरकारला चांगलं ठाऊक आहे.

माझं नाव अजून वडिलांच्या रेशनकार्डावर होतं. ते अन्नसुरक्षेतलं, माणशी पाच किलो धान्याचं. आईला म्हटलं, नाव कमी करून दे, म्हणजे सासरच्या कार्डावर चढवता येईल. आई म्हणाली, "सासरच्या कार्डावर धान्य मिळतं का?" सासरचं कार्ड केशरी, पण धान्याच्या यादीत नाही. "मग कशाला कमी करायचं? हितले पाच किलो जायचे आणि तिथं मिळायचं काही न्हाय." तिचा हिशेब कुणालाही खोडता आला नसता. पण लग्न झालेल्या मुलीनं वडिलांच्या कार्डावर स्वतःला गरीब दाखवायचं, हे मला पटेना, आणि आशाताईंनाही ते जोडायला नको वाटत होतं. उत्पन्नाचा दाखला काढायचा तर माणला तहसील कार्यालयात जावं लागणार, तेही आठव्या महिन्यात एसटीनं. नवऱ्यानं जायचं तर त्याची रोजी बुडणार.

सुटका झाली ती ई-श्रम कार्डानं. २०२१ साली, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर, दुकानातल्या आम्ही सगळ्या जणी रांगेत उभ्या राहून ते काढून आलो होतो. महिन्याला काहीतरी पैसे येणार अशी तेव्हा बोलवा होती. आला एकही रुपया नाही आणि कार्ड पर्सच्या आतल्या कप्प्यात पडून राहिलं. आशाताईंनी फोटो काढून घेतला आणि म्हणाल्या, "झालं, बसलीस तू." इतके दिवस पोट पुढं घेऊन फिरत होते, पण योजनेत बसले ते त्या कार्डामुळं.

बाळंतपणाबद्दल फार सांगण्यासारखं नाही, आणि तेच चांगलं. सरकारी रुग्णालयात झालं, सरळ झालं. औषधं, तपासण्या, तीन दिवसांचं जेवण, घरी सोडायला गाडी, कशालाच पैसे पडले नाहीत. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे आणि त्याला कुणी कार्ड मागत नाही, पोट बघून सगळं देतात. एका रांगेत उभ्या दोन सरकारी योजनांत इतका फरक का, हे मला आजवर कळलेलं नाही. मुलगी झाली. शेजारच्या खाटेवरच्या बाईला सातशे रुपयांसाठी खात्याचा नंबर मागितला गेला, माझ्याकडे बघून सिस्टर पुढं गेल्या.

तीन हजार जमा झाल्याचा निरोप आशाताईंकडून आला. माझ्या पुण्याच्या खात्यात मात्र काहीच नव्हतं. हे पैसे आधारला जे खातं जोडलेलं असेल तिकडं जातात, आणि माझं आधार जोडलेलं होतं बारावीत शिष्यवृत्तीसाठी उघडलेल्या वाईच्या खात्याला. तिथं वर्षानुवर्षं व्यवहार नाही, म्हणून खातं निष्क्रिय. पैसे आत जाऊ शकत होते, बाहेर यायला पुन्हा सगळी कागदपत्रं आणि समोर स्वतः हजर. सव्वा महिना झाल्याशिवाय बाहेर पडू देणार नाही म्हणून आई अडून बसली. तो झाल्यावर मुलीला दुपट्यात घेऊन बँकेत गेले. काउंटरवरच्या बाईंनी जुना फोटो बघितला, मला बघितलं, आणि "किती बारीक होतीस गं" म्हणाल्या. त्या दिवशी कुणीतरी काहीतरी मोकळेपणानं बोललं याचंच बरं वाटलं.

याच काळात नवऱ्याची वेगळीच धावपळ चालली होती. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी असलेल्या कामगाराच्या बायकोला सरळ बाळंतपणासाठी पंधरा हजार आणि सिझरसाठी वीस हजार मिळतात. केंद्राच्या पाच हजारांपेक्षा ही रक्कम किती मोठी आहे बघा, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. नोंदणीला लागतो वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला. फरशीवाल्याचं काम आज या बिल्डिंगला, पुढच्या महिन्यात त्या. ज्याच्याकडे सगळ्यात जास्त दिवस भरले होते तो ठेकेदार सही करायला तयार नव्हता. आपलं नाव कागदावर आलं की उद्या कुणी चौकशीला येईल ही त्याची भीती. एका सहीवर पंधरा हजार अडले. नोंदणी झाली तेव्हा मुलगी पालथी पडायला लागली होती आणि मागच्या बाळंतपणाचे पैसे मंडळ देत नाही.

उरलेल्या दोन हजारांसाठी पुन्हा गावांचा खेळ. जन्मदाखला वाईचा, पहिल्या दोन वेळच्या लसी आरोग्य उपकेंद्रातल्या, तिसरी पुण्यात, कारण तोवर मी हडपसरला परतले होते. तिथल्या केंद्रावर म्हणाले, पहिला फॉर्म जिथं भरला तिथंच विचारा. आशाताईंना व्हॉट्सॲपवर लसीच्या पानाचा फोटो पाठवला आणि त्यांनी तिकडून भरलं. बाईनं कुठंही राहावं, पैसे अडू नयेत, असं योजनेच्या नियमात आहे. त्या वेळी तो नियम चालवला तो एका आशाताईच्या फोननं, ज्याचं रिचार्ज ती स्वतः करते.

पुढच्या वर्षी माणला थोरल्या जाऊबाईंना दुसऱ्यांदा दिवस गेले. पहिला मुलगाच. दुसऱ्या वेळी मुलगी झाली तरच मातृ वंदनेचे सहा हजार मिळतात, तेही एकदम. मुलीचं स्वागत व्हावं असा त्यामागचा हेतू, आणि माझ्या मुलीकडे बघून मला तो वाईट म्हणवत नाही. पण रक्त जातं, मजुरी बुडते ती आईची. दुसराही मुलगा झाला. तिथल्या आशाताईंनी फॉर्म काढलाच नाही. जाऊबाई खाटेवरून म्हणाल्या, "ह्यानं काय माझं कमी खाल्लं का नऊ महिने?"

दीर गवंडी आहेत. गावातच काम करतात, त्यामुळं नव्वद दिवसांचा दाखला ग्रामसेवकांकडून मिळतो, ठेकेदाराच्या दारात जावं लागत नाही, आणि मंडळाच्या नोंदणीचं नूतनीकरण ते न चुकता करतात. मंडळाच्या फॉर्मवर दोनपर्यंत मुलं चालतात, मुलगा की मुलगी हे कुणी विचारत नाही. जाऊबाईंचं सिझर झालं होतं, त्यामुळं वीस हजार आले.