बावीस-बत्तीस

स्पर्धेच्या पिस्तुलाचे कॅलिबर बदलणे म्हणजे कानस, लेथ आणि तेलकट हातांचे काहीतरी गूढ कर्म असावे, अशी जी समजूत नेमबाजीच्या मैदानाबाहेर सर्वत्र आढळते, तिला वाल्थर कारखान्याच्या जीएसपीसारख्या पिस्तुलापुरता तरी काही आधार नाही. १९६८ साली अवतरलेल्या या पिस्तुलाची रचनाच अशी आहे की नळी, बोल्ट, परतीची स्प्रिंग आणि चापाच्या पुढे बसणारे पाच काडतुसांचे मॅगझिन एवढा बावीस बोअरचा संच उतरवून बत्तीसचा चढवावा, की काम झाले. मूठ तीच राहते, आणि ज्याने आपल्या तळव्याच्या मापाने अक्रोडाची मूठ हळूहळू खरवडून घेतली आहे, त्यालाच या सातत्याचे मोल कळेल. वेळ लागतो तो दप्तरात आणि तपासणीच्या टेबलावर.

हा खटाटोप करावा लागतो याचे कारण स्पर्धेच्या नियमांत आहे. स्टँडर्ड पिस्तूल किंवा रॅपिड फायर या प्रकारांत ५.६ मिलिमीटरचे, म्हणजे आपले बावीस, चालते. परंतु ज्या सेंटर फायर प्रकारात जसपाल राणांनी १९९४ साली हिरोशिमाला आणि २००६ साली दोहाला आशियाई सुवर्णपदक मिळवले, त्यात ७.६२ ते ९.६५ मिलिमीटरचेच कॅलिबर ग्राह्य धरतात. या मर्यादेत राहून सौम्य वागणारे काडतूस म्हणून जगभरच्या नेमबाजांनी बत्तीस स्मिथ अँड वेसन लाँगला पसंती दिली. १८९६ पासूनचे हे जुने रिव्हॉल्व्हरचे काडतूस. त्यात सपाट तोंडाची, पुंगळीच्या कडेशी समतल बसणारी शिशाची गोळी घातली, की कागदावर पंचिंग मशीनने पाडावे तसे स्वच्छ भोक पडते.

नळीबरोबर बोल्टही का बदलायचा, असे नवशिका विचारतो, तेव्हा मी त्याच्या हातावर दोन झाडलेल्या पुंगळ्या ठेवतो. बावीसच्या पुंगळीच्या पेंद्याला अगदी काठावर एक चपटी खूण उमटलेली असते, कारण तिचे ज्वालाग्राही द्रव्य त्या काठाच्या पोकळीत असते. बत्तीसच्या पेंद्यात मात्र मधोमध वेगळी टोपी असते आणि तिच्यावर गोल खळी दिसते. आघाताची जागाच निराळी, तर आघात करणारी पिनही निराळी हवी, हे मग त्याला सांगावे लागत नाही.

आता कायद्याकडे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने शस्त्राच्या व्याख्येत त्याच्या भागांचाही समावेश केलेला आहे. सबब सुटी नळी कपाटात ठेवणे ही चमचे-वाट्या ठेवण्यासारखी खासगी बाब उरत नाही. संच विकत घेण्यापूर्वीच अर्ज करावा, जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि आयुक्तालयाच्या शहरात पोलीस आयुक्तांकडे. आणि त्यात पिस्तुलाचा क्रमांक, संचाचा क्रमांक, दोन्ही बोअर व दोन्ही काडतुसांची मागणी स्वच्छ नमूद करावी. बावीसची परवानगी असली म्हणून बत्तीसची काडतुसे कोणी देणार नाही, आणि देऊ नयेत. "साहेब, पिस्तूल एक आणि बोअर दोन, हे कसं लिहायचं?" असे मला एका सज्जन कारकुनाने विचारले होते. प्रश्न रास्त होता. मी संच टेबलावर मांडला नाही (तेवढी अक्कल असावी), कारखान्याचे पत्रक आणि पावती पुढे केली. त्यांनी शेरा लिहून घेतला आणि फाईल वर पाठवली.

गावातल्या कारागिराकडून नळी रुंद करून घेण्याचा विचार कोणाच्या मनात येत असेल, तर तो तिथेच सोडून द्यावा. शस्त्राचे रूपांतर करण्यासही त्याच अधिनियमान्वये अनुज्ञप्ती लागते, आणि कायदा बाजूला ठेवला तरी अशा नळीचा दाब कोणी तपासलेला नसतो. जर्मनीत उल्म येथे चाचणी झालेल्या नळीवर हरणाच्या शिंगाची बारीक मुद्रा असते. भिंगाखाली ती दिसली म्हणजे मला निश्चिंत वाटते. बोअरच्या निवडीतही कायदा आडवा येतो: नऊ मिलिमीटरचे लष्करी काडतूस खेळाच्या नियमात बसते, पण आपल्याकडे निषिद्ध बोअरमध्ये मोडते. अर्थात एका दप्तराने होकार दिला म्हणून दुसरे देईलच असे नाही. १९५१ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर हे स्वतः वकील आणि लोकसभेचेही पहिले अध्यक्ष होते. आमच्या खेळाला कागदपत्रांचा वारसा तिथूनच मिळाला असावा, असे मी थट्टेने म्हणतो.

मैदानावर परवान्याला कोणी फारसे विचारत नाही. तिथे इक्विपमेंट कंट्रोलचे राज्य. पिस्तूल ३०० बाय १५० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत मावले पाहिजे, वजन १४०० ग्रॅमच्या आत, नळी १५३ मिलिमीटरहून लांब नको. मग नळी आकाशाकडे करून चापाला १००० ग्रॅमचे वजन अडकवतात आणि ते टेबलावरून अलगद उचलतात. घोडा पडला तर पिस्तूल परत. संच बदलल्यावर हे वजन घरी पुन्हा उचलून पाहावे, कारण तपासणीनंतर पिस्तुलात बदल केला तर ते पुन्हा टेबलावर आणावेच लागते.

मला या नियमावलीत सर्वांत आवडते ती एक लहानशी न्यायबुद्धी. रेषेला भोक स्पर्श करते की नाही, हे ठरवण्याचे गेज सेंटर फायरमध्ये सर्वांसाठी ९.६५ मिलिमीटरचेच असते. बत्तीसची गोळी सुमारे आठ मिलिमीटरची असली तरी तिला मोठ्या गोळीइतकेच गुण पडतात. मोठ्या कॅलिबरचा लोभ त्यामुळे निरर्थक ठरतो, आणि निवड धक्क्यावर येऊन ठेपते. बावीसची गोळी अडीच ग्रॅमच्या आसपास, बत्तीसची साडेसहाच्या. लक्ष्य तीन सेकंद समोर आणि सात सेकंद दृष्टीआड असते त्या टप्प्यात हा फरक मनगटाला बरोबर जाणवतो.

एक पिस्तूल व दोन संच घ्यावेत की दोन पिस्तुले, असे विचारणाऱ्यांना मी पहिलाच मार्ग सुचवतो. हात एकाच मुठीचा राहतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकाची शस्त्रे तीनावरून दोनावर आणलेली असताना हा विचार अस्थानी नाही. मात्र लागोपाठच्या दिवशी दोन्ही प्रकार खेळणाऱ्याने, आणि परवाना देत असेल तर, दोन पिस्तुले ठेवावीत; साईटच्या क्लिक वहीतून पाहून पुन्हा फिरवत बसणे आणि तपासणीच्या रांगेत पुन्हा उभे राहणे, हे दोन्ही स्पर्धेच्या सकाळी नकोसे होते.