पॉइंटची फट

गेल्या पावसाळ्यापासून टॅपेटचा बारीक आवाज माझ्या उजव्या कानाला ऐकू येईनासा झाला आहे, आणि ज्या श्रवणशक्तीवर मंडणगडपासून म्हाप्रळच्या खाडीपर्यंत माझा लौकिक उभा होता तिचा निम्मा अखत्यार आता माझ्याकडे काम शिकणाऱ्या मुलाकडे गेला आहे. हे मला रुचलेले नाही.

फिलर घालून पॉइंटची फट कोणीही बसवील. माझे आयुष्य खर्ची पडले ते डेल्कोची, म्हणजे डिस्ट्रिब्युटरची, बुश झिजलेल्या गाडीपायी. दांडा किंचित डुलू लागला की कॅमच्या चार उंचवट्यांवर चार निरनिराळ्या फटी पडतात: पहिल्या सिलिंडरला मापाने बिनचूक असलेली फट चौथ्याला मोठी होते आणि तिथली ठिणगी वेळेआधी पडून चढणीवर इंजिन ठोकते, चौथ्याला जुळवावी, तर दुसऱ्याला ती इतकी आकसते की ठिणगी मागे राहते आणि पॉइंट जळू लागतात. त्यातही जुन्या पॉइंटवर एका बाजूला फोड आणि दुसऱ्या बाजूला खड्डा असल्यामुळे फिलरची सपाट पट्टी फोडावरच अडते आणि खरी फट दडवते. नवी बुश कातून घेणे हा राजमार्ग खरा; पण गणपतीसाठी मुंबईहून आलेल्या चाकरमान्याला परवाच परतायचे असते, आणि तेवढ्या अवधीत चौघांपैकी कोणावर थोडा अन्याय करावा, हा निवाडा केवळ कानाने करावा लागतो. १-३-४-२ या क्रमात कोणता ठोका अडखळतो हे मी बॉनेटवर तळहात ठेवून, डोळे मिटून सांगत असे. भोवती माणसे जमत, आणि ती जमावीत म्हणून मी डोळे गरजेपेक्षा अधिक वेळ मिटून ठेवीत असे.

स्कॅनर जोडून अख्खा सुटा भाग बदलणाऱ्या कारागिरांना लोक नावे ठेवतात. माझ्या मते ऱ्हासाची सुरुवात त्यांच्या कितीतरी आधी, पॉइंटला पॉलिश पेपर मारणाऱ्या आमच्याच पिढीने केली. त्या कागदाचे कण धातूत रुतून बसतात आणि पॉइंट पुन्हा लवकर जळतो; पॉइंटवरचा फोड ही बहुधा कंडेन्सरची तक्रार असते, हे ध्यानी न घेता ती घासून पुसून टाकणाऱ्याला मी कधीच मेकॅनिक मानले नाही.

वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेली, आधी फियाट आणि पुढे पद्मिनी म्हणून मिरवलेली ती १०८९ सीसीची गाडी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईच्या टॅक्सीसेवेतून वीस वर्षांची मुदत भरून कायमची बाद झाली. ती गाडी आपले दुखणे आवाजाने सांगत असे आणि ऐकणाऱ्याला तिच्या लेखी मान होता; नव्या गाडीत डेल्कोही नाही आणि पॉइंटही नाहीत, तेव्हा ऐकायचे तरी काय?

आमच्याकडे अजून दोन-तीन पद्मिनी येतात. मुलगा कान देऊन “चार नंबर, काका” म्हणतो, आणि त्याचे खरे ठरते. तरीही पॉइंटचा स्क्रू मी त्याला अद्याप आवळू दिलेला नाही. तसे करण्याला कारागिरीचे कोणतेही कारण नाही; निवाडा त्याचा असला तरी गाडीच्या मालकाने पाहावे ते माझ्याकडे, एवढीच माझी इच्छा आहे.