जुन्या गाडीचे म्हणणे

रस्ता जेथे संपतो, तेथे बहुतेक मोटारी थांबतात. बैलगाडी मात्र थांबत नाही. चिखल, खाचखळगे, ओढा, चढण यांतून ती आपली वाट काढीत जाते. यंत्राच्या गाडीलाही हा गुण यावा, या खटाटोपातून जीप जन्मास आली. १९४० साली अमेरिकेच्या सैन्याला हलकी, काटक आणि कोठेही जाऊ शकेल अशी गाडी हवी होती. बॅंटम नावाच्या एका लहानशा कंपनीने त्याच वर्षी तिचा पहिला नमुना तयार केला. पुढे विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी १९४५ पर्यंत अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बनविल्या. साध्या मोटारीत इंजिनाची शक्ती दोनच चाकांना मिळते. जीपमध्ये एक दांडा ओढला, की ती चारही चाकांना मिळू लागे. दुसरा दांडा ओढला, की गाडीचा वेग सुमारे निम्मा होई आणि चाकांचा जोर सुमारे दुप्पट होई.

युद्ध संपले आणि ही लढाऊ गाडी शेतकऱ्याच्या बांधावर आली. १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्रा कंपनीने स्वातंत्र्यानंतर भारतात जीपगाड्या जुळविण्यास प्रारंभ केला. पुढे जीपच्याच घराण्यातील, मागे उघडा हौदा असलेल्या पिकअप गाड्याही रस्त्यांवर दिसू लागल्या. पुढे दोन माणसे, मागे दहाबारा पोती, असा त्यांचा संसार.

अशीच एक पिकअप ठाण्याच्या नौपाड्यात, गोखले रस्त्यामागील एका जुन्या दुमजली घराच्या अंगणात तीन पावसाळे उभी होती. घरातील आजोबांनी ती उमेदीच्या काळात घेतली होती. मुरबाडजवळ त्यांची थोडी भातशेती होती. दिवाळीनंतर भाताची पोती आणि वैशाखात आंब्यांच्या पेट्या घेऊन ही गाडी कल्याणवरून ठाण्यास येई. आजोबा गेले आणि गाडी थांबली. हौद्यात पाचोळा साचला. मडगार्डाच्या कडा गंजाने कुरतडल्या. मागच्या एका चाकाखाली मांजरीने संसार थाटला.

एके दिवशी भंगारवाला आला. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि वजनावर भाव सांगितला. घरातील मंडळी विचारात पडली. आजी ओसरीवर तांदूळ निवडीत बसली होती. ती मान वर न करताच म्हणाली, "विकायची तर विका. पण वजनावर विकू नका. त्यांनी ती वजनावर घेतली नव्हती."

या एका वाक्याने भंगारवाला परत गेला.

घरातील थोरला नातू महाविद्यालयात शिकत होता. त्याच्या मनात गाडीविषयी निराळेच चित्र होते. डोंगरदऱ्यांतून धावणाऱ्या गाड्यांची छायाचित्रे त्याने जमविली होती. आपली गाडीही हातभर उंच करावी, तिला मोठाले टायर लावावेत, टपावर दिव्यांची रांग बसवावी आणि मित्रांसह रानोमाळ हिंडावे, असा त्याचा बेत होता. त्याची धाकटी बहीण सातवीत होती. तिचा बेत साधा होता. गाडी चालते कशी, हे तिला पाहायचे होते. वडिलांनी दोघांना सुटीपुरती परवानगी दिली, थोडे पैसे दिले आणि आजोबांच्या ओळखीच्या एका वृद्ध मिस्त्रींना बोलावून आणले.

मिस्त्रींनी गाडीचे टोपण उघडले नाही. ते प्रथम चाकाशी बसले. चाक काढले, ब्रेकचा डबा उघडला आणि आतील ओलसर काळा थर बोटावर घेऊन मुलांना दाखविला. ब्रेकचे तेल गळत होते. आतली रबरी वाटी विरली होती.

"मिस्त्रीकाका, इंजिन तर बघा ना आधी!" नातू उतावीळपणे म्हणाला.

"बघू रे बाळा," मिस्त्री म्हणाले. "गाडी पळवायची घाई सगळ्यांनाच असते. ती थांबते का, हे आधी बघावं."

त्या दिवशी एक यादी झाली. चारही चाकांच्या ब्रेकच्या वाट्या आणि लायनर, रेडिएटरच्या रबरी नळ्या, फॅनचा पट्टा, स्टेअरिंगच्या सांध्यांतील झिजलेल्या पिना, गिअरपेटीचे तेल, हौद्याचा सडलेला पत्रा. यादी संपली तेव्हा वडिलांनी दिलेले पैसेही संपले होते. मोठाल्या टायरांचे नाव यादीत नव्हते. नातू हिरमुसला. ब्रेकच्या वाट्या कोणाला दिसणार? मित्रांना दाखवावे असे त्या यादीत काहीच नव्हते.

मिस्त्रींच्या ते ध्यानात आले. त्यांनी त्याला जवळ बसवून घेतले आणि टायरांचीच गोष्ट काढली. टायर मोठा झाला, की चाकाचा घेर वाढतो. एका फेऱ्यात गाडी अधिक पुढे जाते. म्हणून वेगदर्शक काटा खऱ्याहून कमी वेग दाखवितो. जड चाक फिरविण्यास इंजिनाला जास्त कष्ट पडतात आणि ते थांबविण्यास ब्रेकला. स्टेअरिंग जड होते. गाडी उंच झाली, की तिचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि उतरणीच्या वळणावर ती कलंडण्याचा धोका वाढतो. एक बदल दुसऱ्याला हाक मारतो, दुसरा तिसऱ्याला.

याचे उदाहरण जीपच्याच इतिहासात आहे. १९५३ साली विलीज कंपनीने आपल्या लहान जीपमध्ये अधिक शक्तीचे नवे इंजिन बसविले. ते जुन्याहून उंच होते. जुन्या टोपणाखाली मावेना. तेव्हा कारागिरांनी टोपणच उंच केले. त्यामुळे ती गाडी मान ताठ केल्यासारखी दिसू लागली. अमेरिकेत तिची निर्मिती १९६८ साली थांबली, पण भारतात तिचे भाऊबंद पुढेही कित्येक वर्षे तयार होत राहिले. तेथे इंजिन बदलले, म्हणून टोपण बदलले. नुसते दिसण्यासाठी काहीच बदलले नव्हते.

कायद्याचेही म्हणणे काहीसे असेच आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील ५२ व्या कलमाने गाडीच्या मूळ रचनेत मन मानेल तसा फेरफार करण्यास मनाई केली आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ स्पष्ट केला. रस्ता एकट्याचा नसतो. आपल्या गाडीपुढून दुसऱ्याचे मूलही चालत असते.

मग अंगणात काम सुरू झाले. काढलेला प्रत्येक नट-बोल्ट रिकाम्या डब्यांत पडू लागला आणि प्रत्येक डब्यावर धाकटीने चिठ्ठी चिकटविली. कोणता भाग कोणत्या क्रमाने निघाला, हे ती वहीत लिहून ठेवी. "काढलं त्याच्या उलट्या क्रमानं बसवायचं," एवढाच मिस्त्रींचा मंत्र होता. तो ऐकावयास सोपा आणि पाळावयास कठीण होता. स्टेअरिंगची एक पीन बाजारात मिळेना. ती घेऊन मिस्त्री वागळे इस्टेटमध्ये गेले. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले, आणि ही ठाण्याची वसाहत ही त्याची पहिली वसाहत. तेथील एका लहान कारखान्यात लेथवर तशीच नवी पीन कातून मिळाली. तळहातावर मावणारी ती चकचकीत पीन नातू कितीतरी वेळ न्याहाळीत राहिला.

मागच्या चाकांवरील पाटे सोडविताना एक नवल उघडकीस आले. पाटे म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या. गाडीला बसणारे धक्के त्या झेलतात. येथे दोन्ही बाजूंस एकेक पाटा जास्त निघाला. तो दुसऱ्याच कुठल्या गाडीचा होता आणि कापून नेमका बेताचा केलेला होता.

"हे तुझ्या आजोबांचं काम," मिस्त्री हसून म्हणाले. "पोत्यांनी गाडी मागं बसायची, म्हणून त्यांनी हा घालून घेतला. मीच बसवला होता."

म्हणजे आजोबांनीही गाडीत बदल केला होता! नातवाचे डोळे चमकले. पण मिस्त्रींनी त्याला पुढची गोष्ट सांगितली. हौदा भरलेला असताना हा पाटा उपकारक होता. रिकाम्या गाडीत मात्र त्याने मागची बाजू ताठ होई. खडबडीत जमिनीवर ताठ गाडीचे एखादे चाक अधांतरी राहते. आता चाकांमधील दंतचक्रांची एक गंमत आहे. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. म्हणून दोन्ही चाकांना निरनिराळ्या वेगाने फिरू देणारी चक्रे आसाच्या मध्यावर बसविलेली असतात. चाक अधांतरी झाले, की हीच सोय उलटते. ज्याला काही भार नाही, ते चाक गरगर फिरते आणि जमिनीवरचे चाक स्वस्थ बसते.

"मग काढून टाकू या!" नातू म्हणाला.

"दिवाळीत पोती कशातून आणायची?" ओसरीवरून प्रश्न आला. आजीचे लक्ष सगळीकडे असे.

क्षणभर कोणी बोलले नाही. आजोबांचा पाटा काढावा, तर त्यांचे काम मोडल्यासारखे होईल. ठेवावा, तर हिंडण्याफिरण्यात विघ्न. अखेर मिस्त्रींनी निवाडा दिला. पावसाळ्यात पाटा काढावा आणि कार्तिकात पुन्हा बसवावा. अर्ध्या दिवसाचे काम. धाकटीने ते वहीत लिहून घेतले. त्याच संध्याकाळी नातवाने त्या दोन्ही पाट्यांना गंज लागू नये म्हणून तेल चोळले. टायरांचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

ज्येष्ठ संपता संपता गाडी सुरू झाली. परिवहन कार्यालयाच्या तपासणीतून ती पार पडली आणि तिचा दाखला नव्याने मिळाला. मित्रांनी सुचविले, की पहिली फेरी येऊरच्या डोंगरात करावी. पण येऊरचे रान संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आहे. तेथील पायवाटा बिबट्यांच्या आणि पाखरांच्या आहेत. तेथे चाके उधळणे हे साहस नव्हे. आडवाट धुंडाळण्याची गरजही नव्हती. मुरबाडच्या शेताकडे जाणारी वाट पुरेशी आड होती.

आषाढातील एका रविवारी वडील, नातू, धाकटी आणि मिस्त्री शेताकडे निघाले. डांबरी रस्ता सोडून अर्धा कोस गेले, की एक ओढा लागे. ओढ्यात एक मोठा काळा दगड होता आणि त्यावर आजोबांनी चुन्याने एक रेघ ओढून ठेवली होती. दरवर्षी ती नवी करण्याचे काम शेतावरचा गडी करी. पाणी रेघेखाली असेल तर गाडी घालावी, असा घरचा नियम होता. त्या दिवशी रेघ दिसत नव्हती.

नातू स्टेअरिंगवर होता. गाडी आता सुसज्ज होती. चारही चाकांचा जोर हाताशी होता. पलीकडे शेत दिसत होते. त्याने मिस्त्रींकडे पाहिले. मिस्त्री काहीच बोलले नाहीत. वडीलही बोलले नाहीत.

तो उतरला. हातात काठी घेऊन काठाशी गेला आणि पाण्याची खोली पाहिली. काठावरच पाणी गुडघ्याच्या वर होते आणि काठी हातातून हिसकावून नेईल एवढा त्याला वेग होता. मिस्त्रींनी अंगणात सांगितलेले त्याला आठवले. डिझेलच्या इंजिनाला ठिणगी लागत नाही. म्हणून ते थोड्या पाण्याला भीत नाही. परंतु हवेच्या वाटेने पाणी आत शिरले, तर अनर्थ होतो. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. मग इंजिनाचे पोलादी दांडेच वाकतात. शिवाय वाहते पाणी जड गाडीलाही वाहून नेते. ते तिचे घराणे विचारीत नाही.

तो परत आला आणि त्याने इंजिन बंद केले. "थांबू या," तो म्हणाला.

दोन तास सर्वजण करंजाच्या झाडाखाली बसले. डबे उघडले, भाकरी आणि लसणाची चटणी संपली. पाऊस ओसरला तसे ओढ्याचे पाणीही उतरू लागले. डोंगराचे ओढे जसे चटकन फुगतात तसे चटकन ओसरतातही. प्रथम दगडाचा माथा दिसला, मग पांढरी रेघ दिसली. रेघेखाली चांगली वीतभर जागा झाल्यावर नातवाने दोन्ही दांडे ओढले आणि गाडी संथपणे पाण्यात घातली. मध्ये त्याने गिअर बदलला नाही, की वेग वाढविला नाही. चाकांखाली गोटे खडखडले, हौदा डोलला आणि गाडी पलीकडच्या चढणीला लागली. वर येताच त्याने दोन-तीन वेळा हलकेच ब्रेक दाबून ते सुकवून घेतले. ही आठवण त्याला कोणी करून दिली नव्हती.

दुरुस्ती म्हणजे मोडलेले जोडणे, एवढाच अर्थ आपण घेतो. पण कोणतीही वस्तू उघडावी, तो तिच्यात अनेकांचा विचार साठलेला दिसतो. ज्यांनी ती बनविली त्यांचा, ज्यांनी ती वापरली त्यांचा. तो समजून घेतल्यावर बदल अवश्य करावा. आजोबांनीही केलाच होता. न समजता केलेला बदल मात्र वस्तूला मुकी करतो.

शेताच्या बांधावर गाडी थांबली. धाकटीने वही काढली. आरंभी तिने सुट्या भागांची नावे लिहिली होती, मग क्रम, मग पाट्यांची गोष्ट. आता शेवटच्या पानावर तिने तारीख घातली आणि खाली लिहिले, "आज पाणी रेघेच्या वर होते. दादा थांबला." वडिलांनी ते वाचले आणि वही आजीला दाखविण्यासाठी आपल्या पिशवीत नीट ठेवून दिली.