‘ना’ची जागा

‘हो सकता है, बच्चा न हो’ आणि ‘बच्चा नहीं हो सकता’. हिंदीत शब्द जवळजवळ तेच, नकार तेवढा जागा बदलतो. पहिल्या वाक्यात शक्यता आहे, दुसऱ्यात निकाल. बंगालीत तर एवढ्याशा ‘ओ’वर सगळं अवलंबून: ‘बाच्चा ना-ओ होते पारे’ म्हणजे कदाचित होणारही नाही, ‘बाच्चा होते पारे ना’ म्हणजे विषय संपला.

तौलनिक साहित्यातलं एम.ए. मी जादवपूरला केलं, बंगाली तिथंच शिकले. कादंबऱ्यांचे अनुवाद हा माझा धंदा. पण गेली काही वर्षं आठवड्यातली एक दुपार परळला जाते. कर्करोगाच्या उपचारांसाठी बंगालमधून येणाऱ्या कुटुंबांची दुभाषी म्हणून.

बाई जन्मताना बीजांडांचा साठा घेऊनच येते, पुढे त्यात भर पडत नाही. सायक्लोफॉस्फामाइडसारखी औषधं आणि ओटीपोटावरचं रेडिएशन हा साठा घटवतात. किती, ते औषध, डोस आणि वय यांवर ठरतं. कोवळ्या वयात साठा मोठा, म्हणून पुष्कळ मुलींची पाळी परत येते. काहींची मात्र फार लवकर कायमची थांबते. वयात आलेल्या मुलीची बीजांडं गोठवून ठेवता येतात, पण त्याआधी साधारण दोन आठवडे इंजेक्शनं घ्यावी लागतात, आणि रक्ताच्या कर्करोगात बहुधा तेवढी सवड नसते. अंडाशयाचा तुकडा काढून गोठवणं हा दुसरा मार्ग. असा तुकडा परत बसवल्यावर पहिलं मूल २००४ साली बेल्जियममध्ये जन्मलं. काहीही करायचं तर ते शक्यतो पहिल्या केमोच्या आधी. म्हणजे ‘कॅन्सर’ हा शब्दच अजून घशाखाली उतरलेला नसतो तेव्हा.

आया मला बाजूला घेऊन सांगतात, ‘दीदी, ओटा ओके बोलबेन ना.’ ते तिला सांगू नका. ‘ते’ला नाव कुणीच देत नाही. मराठी आयाही ‘पुढचं’ एवढंच म्हणतात. वंध्यत्व हा वर्तमानपत्री शब्द आहे, निर्जंतुक. घरी गेल्यावर त्याचा वांझ होतो, बांझ होतो, बाँजा होतो. त्याच धारेचा शब्द पुरुषासाठी या तिन्ही भाषांत मला सापडलेला नाही.

सोळा वर्षांची एक मुलगी, हॉजकिन लिम्फोमा. डॉक्टरबाईंनी तिला समोर बसवूनच सांगितलं, मी बंगालीत नेलं. ती म्हणाली, ‘होते पारे ना, की ना-ओ होते पारे?’ मी म्हटलं, ‘ना-ओ.’ तिनं मान हलवली आणि केस परत कधी येतील, माध्यमिकच्या परीक्षेला बसता येईल का, ते विचारलं. बाहेर आल्यावर मावशी म्हणाली, पोरीला काही कळलेलंच नाही. मला तसं वाटत नाही. मोठ्यांना वाटतं, या वयात आईपणाचा विचार कुठला! अहो, गल्लीत कुणाला बाँजा म्हणतात आणि बारशाला कुणाला टाळतात, हे पोरी बाहुल्यांशी खेळताना शिकलेल्या असतात. तिनं ऐकलं, नीट तपासून घेतलं, आणि आज पेलवेल तेवढंच हातात धरलं.

मुली हे नाना तऱ्हांनी पेलतात. एकीनं ‘मला तसंही लग्नच करायचं नाही’ हे दहा मिनिटांत तीनदा सांगितलं. एक दोन मुली दत्तक घेणार होती, नावंसुद्धा ठरलेली. कुणी रुसून महिनाभर आईशी बोलत नाही, कारण आईनं लपवलं. लपवल्याचा राग खुद्द बातमीच्या दुःखाहून जास्त टिकतो, असं मी पाहिलंय. पाळी परत आली की घरात पेढे येतात. मग डॉक्टरबाईंना सांगावं लागतं की पाळी म्हणजे हमी नव्हे. ते वाक्य कुठल्याच भाषेत गोड लागत नाही.

साताऱ्याकडची एक मुलगी, सतरा वर्षांची, उपचार संपलेले. रांगेत शेजारी बसली होती. म्हणाली, ‘मावशी, हे पोह्यांच्या आधी सांगायचं की नंतर?’

‘आधी,’ मी म्हटलं. ‘माझ्या मते.’

‘मग पोहे कोण खाणार?’

आई आधी हसली, मग तिला रागावली.