स्वस्तातली कुऱ्हाड घेताना

कुऱ्हाड ही काही हौसेची वस्तू नव्हे. 2016 साली उज्ज्वला योजना आली, खेड्यापाड्यांत गॅसच्या टाक्या पोहोचल्या. पण टाकी भरायला पैसे नसतात त्या महिन्यात चूल पेटतेच, आणि सरपण फोडणे बहुधा घरच्या बाईच्याच वाट्याला येते.

गेल्या उन्हाळ्यात गावी आमच्या वहिनी लाकूड फोडीत असता कुऱ्हाडीचे पाते दांड्यातून निसटले आणि अंगणात खेळणाऱ्या धाकट्या पुतण्यापासून हातभर अंतरावर पडले. 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' ही म्हण त्या दिवशी शब्दशः खरी व्हायची राहिली.

नवी कुऱ्हाड घ्यायला दादांबरोबर आम्ही आठवडी बाजारात गेलो. आम्ही पडलो कारकून. तीन ठिकाणी पाहिल्याशिवाय खिशात हात घालत नाही. सोबत कानस नेली होती.

पहिली कुऱ्हाड सर्वांत स्वस्त, रंगाने चकचकीत. धारेवर कानस फिरवताच ती खोल रुतली. लोखंड मऊ, अशी धार टिकत नाही. दुसरीला लोखंडी पाइपाचा दांडा. तो मोडत नाही, असे दुकानदार म्हणाला. पण घावाचा हादरा थेट मनगटात येतो आणि वेल्डिंग तडकले की पाते सुटते. तिसरी लोहाराची, ट्रकच्या जुन्या कमानपट्ट्यापासून घडवलेली. या पोलादात कर्ब जास्त, म्हणून पाणी दिले की धार कडक होते. कानस तिला जेमतेम लागली. कानस नुसती घसरली असती, तर तीही आम्ही घेतली नसती. फार कडक धारेचे टवके उडतात.

किंमत पहिलीच्या दुप्पट. दादा थबकले. आम्ही म्हटले, "दादा, दोन स्वस्त कुऱ्हाडींचे पैसे आणि दवाखान्याचा एक खर्च यांची बेरीज करा." त्यांनी पैसे काढून दिले.

दांडा वहिनींनी स्वतः हातात धरून निवडला. बाभळीचा, गाठ नसलेला, लाकडाच्या रेषा लांबीने सरळ गेलेल्या. लोहाराने वरून पाचर ठोकून दिली.

पाते हलू लागले की पुष्कळ घरांत कुऱ्हाड रात्रभर पाण्यात ठेवतात. लाकूड फुगते, पाते घट्ट वाटते. वाळल्यावर ते आधीपेक्षा सैल होते. त्यापेक्षा नवी पाचर ठोकावी. रोज पहिला घाव घालण्याआधी पाते हलवून पाहावे आणि लेकरांना दूर बसवावे. याला पैसा लागत नाही.