घासाघीस

आयुष्याची बत्तीस वर्षे मी एका कचेरीत पगारपत्रके लिहिण्यात घालवली. निवृत्त माणसाने बाग करावी, नातवंडांना गोष्टी सांगाव्यात, निदान सकाळच्या फिरण्यात देशाच्या राजकारणाचा निकाल लावावा, अशी रीत आहे. माझ्या वाट्याला मात्र बेसबॉल आला!

त्याचे असे झाले. माझा पुतण्या संगणकावरचा एक खेळ तयार करतो आहे. त्यात चेंडू मारायचा नसतो. संघाचे व्यवस्थापक व्हायचे, खेळाडू मिळवायचे आणि घरबसल्या इंटरनेटवरून दुसऱ्या हौशी व्यवस्थापकांशी झुंजायचे. "काका, पगाराची बोलणी तुम्ही आखून द्या. पगारातले तुम्हांला कळते," तो म्हणाला. मला कळते ते पगारात भागवण्यातले, हे त्याला कोण सांगणार?

त्याची मूळ योजना सरळ होती. प्रत्येक खेळाडूच्या मनात एक आकडा. तेवढे दिले की सही. खेळून पाहणाऱ्या मित्रांनी लगेच युक्ती काढली. एका डॉलरपासून सुरुवात करायची आणि तो 'हो' म्हणेपर्यंत हळूहळू चढत जायचे. यंत्र बिचारे रागवायचे कशाला? हे ऐकून आमची सौ. म्हणाली, "मंडईतली भाजीवाली दुसऱ्यांदा असला भाव ऐकला, तर हातातली जुडी ओढून घेते." झाले! आता आमच्या खेळाडूला अपमान समजतो. तिसऱ्या हलक्या आकड्याला तो उठून जातो, आणि कोणाचा संयम किती, ते व्यवस्थापकाला दिसत नाही.

अमेरिकेतला खरा व्यवहार याहून गमतीचा आहे. साधारण पहिली तीन वर्षे खेळाडूला संघ देईल तेच घ्यावे लागते, सहा वर्षांनी तो मोकळा होतो. मधल्या काळात पगाराचा वाद मिटला नाही, तर प्रकरण लवादाकडे जाते. ही पद्धत 1974 पासूनची. दोघांनी एकेक आकडा द्यायचा आणि लवादाने त्यांतला एकच निवडायचा. मधला काढायला बंदी. आपल्याकडे शंभर सांगणारा साठावर येतो, म्हणून तो दीडशे सांगतो. तिथे दीडशे सांगणारा हरतो. म्हणून दोघेही शहाण्यासारखे जवळ येतात आणि बहुतेक प्रकरणे सुनावणीआधीच मिटतात. हे कलम मी मोठ्या हौसेने घातले.

भांडण झाले ते अदलाबदलीवरून. पुतण्याचे म्हणणे, करार असला की खेळाडूला न विचारता कुठेही पाठवता यावे. खेळ वेगात चालतो. मी त्याला कर्ट फ्लडची हकीकत सांगितली. सेंट लुईसकडून बारा मोसम खेळलेल्या या माणसाला 1969 साली परस्पर फिलाडेल्फियाला देऊन टाकले. आपण विकाऊ माल नाही, असे कळवून त्याने जायचे नाकारले. दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1972 साली पाच विरुद्ध तीन मतांनी तो हरला. तोवर त्याचा खेळही संपला होता. पण 1975 च्या डिसेंबरात पीटर साइट्झ या लवादाने दुसऱ्या दोन खेळाडूंना मोकळे केले आणि जुनी बेडी तुटली. शिवाय दहा वर्षे खेळलेला आणि शेवटची पाच एकाच संघात असलेला खेळाडू आज अदलाबदल नाकारू शकतो.

"हे कलम हवेच," मी म्हणालो.

"काका, खेळणारे वैतागतील."

"वैतागू देत."

आमच्या कचेरीत बदलीचा हुकूम टपालाने येई. माझा 1988 साली आला. आई अंथरुणाला खिळलेली होती. साहेबांकडे शब्द टाकायची सोय नव्हती; मी ट्रंक भरली. आई गेल्याची तार मला परगावी मिळाली. पुतण्याला हे ठाऊक आहे. त्याने पुढे वाद घातला नाही.

परवा रात्री त्याचाच एक खेळाडू अडून बसला. अकरा वर्षे एका संघात, वय चौतीस. पुतण्याने बटण तीनदा दाबले. तिन्ही वेळा नकार. सौ. मागे उभी राहून पाहत होती.

"त्याच्या घरी कोण कोण आहे रे?" तिने विचारले.

त्यासाठी खेळात रकाना नव्हता. सध्या पुतण्या तोच आखतो आहे.